नळावरची एल की बाटलीतली? मागवण्याआधी काय विचारावे, काय पाहावे

क्राफ्ट बिअरबद्दल वाचकांचे जे प्रश्न येतात त्यांत एक हटकून असतो. टॅपरूममध्ये प्यायलेली पेल एल रसरशीत लागली, त्याच नावाची बाटली घरी आणली तर फिकी आणि गोडसर निघाली. बाटलीत काही मिसळतात का? काहींचा अनुभव नेमका उलटा असतो: बाटली झकास, आणि बारमधल्या नळावरून आलेली तीच बिअर आंबूस. मग ‘ड्राफ्टच खरी’ म्हणणारे एका बाजूला आणि ‘सीलबंद तेच भरवशाचे’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला, असे दोन तट पडतात.

दोन्ही तटांना नाराज करणारे उत्तर आधीच सांगून टाकलेले बरे. नळाला स्वतःची चव नसते, काचेलाही नसते. बिअर टाकीतून निघून तुमच्या ग्लासात पडेपर्यंत किती दिवस गेले, ते किती उष्णतेत गेले, तिला उजेड किती लागला, वायू किती उरला आणि शेवटची नळी धुतलेली होती का, यावर सगळे ठरते. म्हणून ‘ड्राफ्ट आहे का?’ एवढेच विचारून थांबू नका. पुढचे दोन-तीन प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत.

(महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षे आहे आणि कायद्याने मद्याचा परवानाही लागतो. गोव्यात वयाची अट १८ वर्षे आहे. पुढचे सगळे या चौकटीत वाचावे.)

तुलना नेमकी कशाची करताय?

‘ड्राफ्ट’ या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी खपतात.

- टाकीतून थेट: मायक्रोब्रुअरीत काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या दिसतात. बऱ्याच ठिकाणी बिअर तिथूनच नळाला येते. २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली तेव्हापासून आपल्याकडे ‘ताजी बिअर’ म्हणजे ही, असे समीकरण झाले आहे.
- केगमधून: स्टीलचे पिंप भरून दुसऱ्या बारमध्ये नेतात आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने बिअर वर ढकलतात. ब्रुअरी डोंबिवलीची आणि बार कुलाब्याचा असेल, तर मधला टेम्पो थंड होता की नाही, हा प्रश्न येतोच.
- कास्कमधून: ही इंग्लंडची पद्धत. पिंपातच शेवटचे आंबवणे होते, वरून वायू भरत नाहीत आणि हातपंपाने बिअर ओढतात. आपल्याकडे ती क्वचितच दिसेल, पण लंडनला गेलेल्या पाहुण्यांचा गोंधळ तिथेच होतो. त्यावर पुढे वेगळे लिहिले आहे.

बाटलीतही एकजिनसीपणा नाही. मोठ्या कारखान्याची बाटली बहुधा गाळलेली आणि पाश्चराइझ केलेली, म्हणजे सीलबंद झाल्यावर ६० अंशांच्या आसपास काही मिनिटे तापवलेली असते. लहान ब्रुअऱ्या बरेचदा तापवणे टाळतात. काही बाटल्यांत जिवंत यीस्ट मुद्दाम ठेवलेले असते. अमेरिकेतली सिएरा नेवाडा पेल एल किंवा बेल्जियमची डुवेल अशा प्रकारची. बाटलीत तळाशी साका दिसला तर घाबरू नका; तो अशा बिअरचा भाग आहे.

कधी कधी तर नाव एक आणि बिअर दोन असतात. लंडनच्या फुलर्सची ‘लंडन प्राइड’ घ्या. कास्कमध्ये तिची तीव्रता ४.१ टक्के आणि बाटलीत ४.७ टक्के, असे वर्षानुवर्षे चालत आले आहे. दोन्ही समोरासमोर ठेवून ‘बाटलीतली जड लागते’ म्हणणारा चुकत नाही, ती जडच आहे. त्यामुळे पहिली पायरी हीच: मेनूवरची आणि लेबलवरची टक्केवारी जुळते का, ते पाहा. जुळत नसेल तर पुढचा वाद घालण्यात अर्थ नाही.

डब्यावर किंवा बाटलीवर ‘ड्राफ्ट’ छापलेले असेल तर त्याला भुलू नका. मिलर जेन्युइन ड्राफ्ट बाटलीतच मिळते. तिथे त्या शब्दाचा अर्थ इतकाच, की बिअर न तापवता बारीक गाळून भरली आहे.

चव बिघडते ती कुठे

सर्वांत मोठा शत्रू प्राणवायू, आणि त्याचा साथीदार उष्णता. हॉप्सचा लिंबूवर्गीय, फुलांचा, आंब्याच्या सालीसारखा जो सुगंध पेल एल किंवा इंडिया पेल एलमध्ये (आयपीए) येतो, तो फार हळवा असतो. भरताना बाटलीत शिरलेला चिमूटभर प्राणवायूही त्याला पुरतो. गोडा मसाला सहा महिने डब्यात पडून राहिला की रंग तोच राहतो आणि वास मात्र उडून जातो, तसे होते. आधी सुगंध मावळतो. मग कडवटपणा बोथट होऊन माल्टची गोडी पुढे येते आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्याची चव लागते. ‘बाटलीतली गोडसर निघाली’ या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा हेच असते. बाटलीत साखर कोणी घातलेली नसते, बिअर म्हातारी झालेली असते.

यासाठी बिअरच्या धंद्यात एक ठोकताळा वापरतात: ३२ अंशांना ३ दिवस, २२ अंशांना ३० दिवस आणि ३ अंशांना ३०० दिवस, या तिन्हींत बिअर साधारण सारखीच म्हातारी होते. हा नियम काटेकोर नाही, पण आपल्या हवामानात फार बोलका आहे. मे महिन्यात नागपूरच्या एखाद्या गोदामात आठवडाभर पडलेली आयपीए फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा तरुण होत नाही. दुकानदाराने कालच फ्रीजमध्ये लावलेली बाटली हाताला थंड लागते, एवढेच.

उजेडाचा परिणाम याहून झपाट्याने होतो. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की गंधकाचा, जळक्या रबराकडे झुकणारा उग्र दर्प तयार होतो. तपकिरी काच बराचसा प्रकाश अडवते, हिरवी फारसा नाही आणि पारदर्शक जवळपास नाहीच. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये उन्हातल्या टेबलावर पारदर्शक बाटली ठेवून गप्पा मारत बसलात, तर अर्ध्या बाटलीतच वास बदललेला कळू शकतो. केग आणि कॅन या बाबतीत पूर्ण सुरक्षित असतात. कॅनला आपल्याकडे अजून ‘स्वस्तातली वस्तू’ समजतात, ते मला पटत नाही. हॉप्सप्रधान एलसाठी बाटलीपेक्षा कॅन मी केव्हाही आधी उचलीन.

वायूचे गणित असे: केगमधल्या आणि बाटलीतल्या नेहमीच्या एलमध्ये, बिअर जितकी असते त्याच्या साधारण अडीच पट आकारमानाचा कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. कास्कमध्ये तो एक पटीच्या थोडा वर. जास्त वायू जिभेला टोचतो, कडवटपणा धारदार करतो आणि बिअर हलकी वाटायला लावतो. कमी वायूत तीच बिअर मऊ आणि भरीव लागते. स्टाउटच्या नळाला तर बरेचदा कार्बन डायऑक्साइडबरोबर नायट्रोजन लावलेला असतो. त्याचे बुडबुडे बारीक, म्हणून सायीसारखा फेस. गिनेसने हे १९५९ मध्ये नळावर आणले. डब्यात तोच परिणाम मिळवण्यासाठी आत नायट्रोजनची छोटी कुपी घातली, ती १९८८ पासून. अशी कुपी नसलेली स्टाउटची बाटली नळावरच्या नायट्रो स्टाउटपेक्षा वेगळी लागणारच. त्यात दोष कुणाचाच नाही.

थंडावा मात्र तुमच्या हातात असतो आणि सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. दुकानाच्या फ्रीजमधली बाटली २ ते ४ अंशांना असते. त्या तापमानाला जीभ बधिर होते आणि एलचा निम्मा सुगंध वरच येत नाही. एल ८ ते १२ अंशांना खुलते. टॅपरूममधला ग्लास टेबलावर येईपर्यंत आणि गप्पांत अर्धा होईपर्यंत आपोआप तिथे पोचतो. घरी आपण बाटली उघडतो आणि तशीच तोंडाला लावतो. मग दोन्हींत फरक पडला तर नवल ते काय?

टॅपरूममध्ये ऑर्डर देण्याआधी

लाजू नका. चांगल्या टॅपरूममधल्या माणसाला असे प्रश्न आवडतात. कपाळाला आठ्या घालणारा भेटला, तर तेही एक उत्तरच आहे.

1. ‘ही बॅच कधी लावली?’ टाकी किंवा केग किती दिवसांपूर्वी उघडला, एवढे त्याला सांगता आले पाहिजे.
2. ‘सगळ्यांत जास्त काय खपतं?’ लोकप्रिय बिअर मागवा म्हणून हा प्रश्न नाही. ज्या नळाची बिअर रोज संपते तिथे ताजा माल येत राहतो. वीस नळांच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या नळाची बिअर नळीत पडून राहिलेली असू शकते.
3. ‘नळ्या किती दिवसांनी धुता?’ अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनची शिफारस दर १४ दिवसांची आहे. इंग्लंडमध्ये आठवड्याला एकदा धुण्याची रीत आहे. ‘केग संपला की’ हे उत्तर समाधानकारक नाही.
4. ‘थोडी चाखायला मिळेल?’ बहुतेक मायक्रोब्रुअऱ्या दोन घोट देतात, किंवा चार-सहा छोट्या ग्लासांचा सॅम्पलर विकतात. नव्या जागी आधी सॅम्पलर घ्या आणि पूर्ण ग्लास नंतर.
5. ‘पिंट म्हणजे किती मिली?’ दुकानात आपण ३३० मिलीच्या बाटलीला पिंट म्हणतो. ब्रिटिश पिंट ५६८ मिलीची, अमेरिकन ४७३ मिलीची. टॅपरूममध्ये यांतले काहीही किंवा याखेरीज चौथेच माप असू शकते. भावाची तुलना मिलीवर करा, नावावर नको.

दुपारी बार उघडल्याबरोबर पहिलाच ग्लास मागवणे शक्यतो टाळा. रात्रभर नळीत उभी राहिलेली बिअर त्यात येते. नीट चालवलेल्या जागी ती ओतून टाकतात, पण सगळीकडे नाही.

ग्लास समोर आला की

चव घेण्याआधी ग्लास उजेडाकडे धरा. आतल्या भिंतीला जागोजागी बुडबुडे चिकटून बसले असतील, तर ग्लासाला तेलकट थर किंवा साबण राहिला आहे. स्वच्छ ग्लासात बुडबुडे तळातून वर जातात, कडेला चिकटून राहत नाहीत. प्रत्येक घोटानंतर फेसाचे वळे काचेवर उरले तर ग्लास उत्तम धुतलेला आहे असे समजा. घरी खात्री करायची असेल तर धुतलेला ग्लास ओला असतानाच आत मीठ भुरभुरा. स्वच्छ काचेला ते सगळीकडे सारखे चिकटते, तेलकट जागी चिकटत नाही. भांड्यांच्या त्याच स्पंजने बिअरचे ग्लास धुणाऱ्या घरांत हा प्रयोग फार शिकवून जातो.

फ्रीजरमधून काढलेला, बर्फ चढलेला मग दिसायला छान. पण त्यातून बिअर गरजेपेक्षा थंड होते आणि फेस अवाच्या सवा येतो. साधा ग्लास मागा.

आणि फेस. ‘फेस नको, पूर्ण भरून दे’ असे म्हणायची आपल्याला सवय आहे, कारण फेस म्हणजे दिलेले पैसे हवेत गेले असे वाटते. खरे तर दोन बोटे फेसातूनच सुगंध नाकापर्यंत येतो, आणि फेस होताना जास्तीचा वायू ग्लासातच निघून जातो. बिनफेसाची ओतलेली बिअर तो सगळा वायू तुमच्या पोटात सोडते. दोन बोटे फेस मागा आणि ‘खाली माप पूर्ण हवं’ असेही म्हणा. दोन्ही मागण्या रास्त आहेत.

चव खटकली तर दोष कुणाचा?

- लोण्यासारखी किंवा बटर पॉपकॉर्नसारखी, सोबत आंबूस: नळावरच्या बिअरमध्ये असेल तर न धुतलेल्या नळीतल्या जिवाणूंचा संशय घ्या. बाटलीत असेल तर दोष ब्रुअरीचा.
- व्हिनेगरसारखी: नळ, नळी किंवा बराच वेळ उघडा राहिलेला कास्क. (मेनूत ‘सावर’ किंवा ‘गोझं’ लिहिले असेल तर आंबटपणा मुद्दाम आणलेला आहे. कोकम घालून केलेल्या सावर आपल्याकडेही होतात, तिथे तक्रार करू नका.)
- ओला पुठ्ठा, शिळा मध: जुनी बाटली किंवा उष्णतेत ठेवलेला माल.
- जळके रबर, गंधक: उजेड लागलेली बाटली. नळावर हा दोष जवळजवळ येत नाही.
- कच्चे सफरचंद: बिअर पुरती तयार होण्याआधी घाईने बाहेर काढली. मायक्रोब्रुअरीत मागणी वाढली की हे घडते. ‘ताजी’ याचा अर्थ ‘कोवळी’ असा होऊ लागला की असे होते.
- केळे आणि लवंग: गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये हा गुण आहे, तिच्या यीस्टमधून तो येतो. पेल एलमध्ये केळे लागले तर मात्र विचारा.

बिअर शॉपीत बाटली किंवा कॅन घेताना

किमतीआधी तारीख वाचा. भारतात पॅकबंद बाटलीवर बनवल्याची तारीख, बॅच क्रमांक, निव्वळ माप आणि छापील किंमत असायलाच हवी. मुदत बहुधा सहा महिन्यांची दिलेली असते. ती मुदत बिअर पिण्याजोगी राहण्याची आहे, ऐन चवीची नाही. हॉप्सप्रधान एल तीन महिन्यांच्या आतली घ्या, दीड महिन्याच्या आतली मिळाली तर उत्तम. गव्हाच्या बिअरलाही हेच लागू. स्टाउट, पोर्टर, जास्त तीव्रतेची एल जुनी चालते. काही बाटल्या वर्षभराने अधिक गोलाई घेतात, पण त्या थंड आणि अंधाऱ्या जागेत ठेवल्या असतील तरच.

दुकानात शोकेसच्या ट्यूबलाइटखाली मांडलेली पुढची बाटली घेऊ नका, मागची किंवा खोक्यातली मागा. बाटलीच्या मानेतली पातळी सारखी आहे ना, झाकणाच्या कडेला गंज किंवा चिकटपणा नाही ना, एवढे बघा.

गोव्याहून येताना कॅनचा खोका गाडीत टाकण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, परवान्याशिवाय परराज्यातले मद्य महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे. बाटलीवर ती कोणत्या राज्यात विकायची हे छापलेले असते आणि तपासणीत पहिली नजर तिथेच जाते. दुसरी, उन्हात तापलेल्या डिकीत आठ-दहा तास काढलेली आयपीए घरी पोचते तेव्हा तिच्यासाठी एवढी जोखीम घेण्यासारखे काही उरलेले नसते.

घरी बाटली कशी ओतावी

बाटली उभी ठेवा, आडवी नको. उघडण्याआधी फ्रीजबाहेर दहा मिनिटे ठेवा. एप्रिल-मेमध्ये पाच मिनिटे पुरतात. ग्लास तिरका धरून बिअर कडेवरून सोडा, निम्मा भरला की सरळ करा आणि उरलेली मधोमध ओता. फेस तेव्हा उठेल.

यीस्ट असलेल्या पेल एलच्या बाटलीत शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या, म्हणजे साका ग्लासात येणार नाही. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला उलटा नियम आहे. तीन चतुर्थांश ओतल्यावर थांबा, बाटली हलके गोल फिरवा, तळाचे यीस्ट उठवा आणि मग ओता. ढगाळ रंग आणि भरीव चव त्यातूनच येते. नळावरच्या गव्हाच्या बिअरपुढे बाटलीतली पातळ लागते म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांनी अर्धी चव तळाशी टाकून दिलेली असते.

बाटलीने पिऊ नका, हे वेगळे सांगायला नको. बाटलीच्या तोंडातून नाकाला काही पोचत नाही, आणि नाक नसेल तर एल म्हणजे कडवट सोडा.

ग्राउलरने घरी नेत असाल तर

२०२० च्या टाळेबंदीत राज्याने मायक्रोब्रुअऱ्यांना बिअर घरी नेण्यासाठी द्यायची मुभा दिली आणि ‘ग्राउलर’, म्हणजे नळावरून भरून घ्यायची झाकणाची मोठी बाटली, हा प्रकार पुण्या-मुंबईत ओळखीचा झाला. तुमच्या जागी सध्या मिळतो का, ते आधी विचारून घ्या. मिळत असेल तर:

- नळाखाली नुसता धरून भरलेला ग्राउलर घेऊ नका. आत नळी सोडून तळापासून भरलेला आणि आधी कार्बन डायऑक्साइडने धुऊन काढलेला असेल तर उत्तम.
- भरल्याची तारीख झाकणावर लिहून घ्या.
- न उघडता दोन-तीन दिवस, उघडल्यावर त्याच दिवशी. उद्यासाठी अर्धा ठेवला तर उद्या फिकट सरबत प्याल.
- काचेचा ग्राउलर उन्हात ठेवू नका, पूर्ण भरलेला फ्रीजरमध्ये तर मुळीच नको. तो फुटतो.

कोणती एल कशातून?

माझे मत सांगायचे तर, घराजवळ नीट चालवलेली मायक्रोब्रुअरी असेल तर गव्हाची बिअर, पेल एल आणि आयपीए तिथेच नळावरून घ्या. या तिघींत ताजेपणाइतके दुसऱ्या कशालाच मोल नाही. शहरात टॅपरूम नसेल आणि बारमध्ये केग येत असेल, तर ताज्या तारखेचा कॅन त्या केगपेक्षा बरा ठरण्याची शक्यता मोठी आहे, खास करून तो बार क्राफ्टचा एकच नळ हौसेने चालवत असेल तर. बेल्जियन पद्धतीच्या जड एल आणि यीस्टवाल्या बाटल्या बाटलीतच प्या. त्या बाटलीसाठीच घडवलेल्या असतात, नळावर आणून त्यांचे भले होत नाही. स्टाउट नायट्रोच्या नळावर मिळाली तर घ्या, नाहीतर बाटलीतलीही वाईट नाही.

इंग्लंडमध्ये असाल तर

पबमध्ये उंच दांड्याचा हातपंप दिसला तर ती कास्क एल. ती ११ ते १३ अंशांना देतात. ‘गरम आणि सपक बिअर दिली’ ही आपल्याकडच्या पाहुण्यांची ठरलेली तक्रार, पण तिथे ती तशीच द्यायची असते. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅम्रा’ या ग्राहकांच्या चळवळीने हीच एल मोठ्या कारखान्यांच्या तावडीतून वाचवली. पहिला घोट पेल एलच्या सवयीने घेतलात तर निराश व्हाल. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला माल्टची बिस्किटासारखी चव आणि मऊपणा कळू लागतो.

कास्क उघडला की आत हवा शिरते, म्हणून साधारण तीन दिवसांत संपवावा लागतो. त्यामुळे गर्दीच्या पबात कास्क घ्या आणि सोमवारच्या ओस दुपारी बाटली. एल व्हिनेगरसारखी लागली तर ग्लास परत करा. फार न पिता, शांतपणे सांगितले तर बदलून देण्याचा तिथे रिवाज आहे. फेसामुळे माप कमी वाटले तर वर भरून मागणे हेही तिथे रोजचेच आहे.

तक्रार आणि बिल

आपल्याकडे सदोष बिअर परत करताना संकोच वाटतो. पद्धत साधी ठेवा: दोन घोटांत सांगा, ग्लास अर्धा रिकामा करून नको. ‘चांगली नाही’ म्हणण्याऐवजी ‘लोण्याचा वास येतोय, नळी तपासाल का?’ म्हणा. बाटली असेल तर झाकण, बाटली आणि बिल ठेवा, बॅच क्रमांकाचा फोटो काढा. लेबलवर ग्राहकसेवेचा पत्ता असतो, आधी तिथे लिहा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. सदोष वस्तूबद्दलचा तुमचा हक्क ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये आहे आणि मद्याला त्यातून सूट नाही.

बिलात तीन ओळी तपासा. मद्यावर जीएसटी लागत नाही, व्हॅट लागतो, जीएसटी खाद्यपदार्थांवर. दोन्ही एकत्र करून लावले असतील तर वेगळे करून मागा. सेवाशुल्क आपोआप जोडता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ही २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरली. दुकानात छापील किमतीहून एक रुपयाही जास्त देऊ नका. बारमध्ये मात्र तीच बाटली महाग असणार हे धरून चला.

गाडी घेऊन गेला असाल तर कायद्यातली मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. क्राफ्ट एल आठ टक्क्यांपर्यंतही जाते, आणि टॅपरूममधल्या मोठ्या ग्लासात ती किती झाली याचा अंदाज चुकतो. सॅम्पलरचे चार छोटे ग्लासही बेरजेत मोठे होतात.

स्वतः खात्री करायची असेल तर

एकाच बिअरची नळावरची आणि बाटलीतली मिळवा. तीव्रता जुळती हवी, तारखाही शक्य तितक्या जवळच्या. दोन्ही एकाच तापमानाला आणा. घरातल्या कुणाला तरी एकसारखे तीन ग्लास तुमच्या नकळत भरायला सांगा: दोनांत एक, तिसऱ्यात दुसरी. फेस बसू द्या, म्हणजे त्यावरून ओळखता येणार नाही. आधी वास घ्या, मग छोटा घोट, मध्ये पाणी. वेगळा ग्लास कोणता ते सांगा आणि उत्तर लिहून ठेवा. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतेच, म्हणून ग्लासांची जागा बदलून चार-पाच वेळा करा. घोट छोटेच ठेवा.

बहुतेक वेळा वेगळी ओळखता आली, तर त्यातली आवडली ती तुमची. ओळखता आली नाही, तर मिलीमागे स्वस्त पडेल ती घ्या.